लाल रेषेच्या वरची खोली

सुनंदाताई जगदाळे कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या, की चपला बाहेर काढून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत आणि अनवाणी टाच फरशीवर दोनदा आपटत. घरच्यांना वाटे, बाईंच्या पायाला मुंग्या आल्या असाव्यात. वस्तुतः फरशीखाली जोत्याची भरणी घट्ट आहे का, ते त्या ऐकत असत. आवाज पोकळ आला तर त्यांची डावी भुवई वर जाई आणि यजमानांनी पुढे केलेला चहा त्या मोजमाप होईपर्यंत बाजूला ठेवायला सांगत. मोजमाप संपले, की आधी तो निवलेला कप संपवीत, कारण टाकायचा कशाला. आणि मग दुसरा गरम मागून घेत.

सांगलीतील आमच्या कॉलनीत त्या आमच्या शेजारी राहत. त्यांच्या फाटकावर ‘परवानाधारक अभियंता’ अशी पाटी होती. ज्यांना आपले घर वाढवायचे असेल त्यांचे नकाशे काढायचे, ते नियमांत बसवायचे आणि महापालिकेची परवानगी मिळवून द्यायची, हा त्यांचा व्यवसाय. नव्या घरांची कामे त्या फारशी घेत नसत. म्हणत, “नवं घर कुणीबी बांधतं, सर. जुन्या घराला खोली जोडायची म्हंजे नवी सून आणल्यागत आसतंय. दोघी एकमेकीला सोसल्या पायजेत.”

कोरेगावाजवळच्या एका खेड्यातला त्यांचा जन्म. पदविकेच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, आणि वर्गातल्या मुलांनी त्यांना पहिल्या दिवशी चुकून शिवणकामाच्या वर्गाची वाट दाखवली होती. ती हकीकत सांगताना त्या ‘चुकून’ या शब्दावर थांबून हसत. उंच, हाडापेराने मजबूत, सुती साडीचा पदर खोचलेला; स्कूटरवर पायांशी एक जुना पत्र्याचा तेलाचा डबा आणि पिशवीत मोजपट्टी. महापालिकेच्या कचेरीत त्या शुद्ध पुस्तकी मराठीत, कलमांचे क्रमांक देऊन बोलत. कचेरीची पायरी उतरली, की लगेच कोरेगावच्या बोलीवर परत येत.

घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत जी मोकळी जागा सोडावी लागते, तिला नियमांच्या भाषेत सामासिक अंतर म्हणतात. घर वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर प्रथम त्या जागेवर जाते. ती आपल्याच मालकीची असते, रिकामी असते आणि तिथे फार तर तुटकी बादली व सायकल पडलेली असते. अशा माणसाला ताई एकच वाक्य ऐकवीत: “घर आपलं, पण वारा शेजाऱ्याचा.” त्यापुढे वाद घालणाऱ्यास त्या उत्तर देत नसत, मोजपट्टी गुंडाळू लागत.

पत्र्याच्या डब्यात फक्की असे, म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी भुकटी. ताईंच्या कामाची सारी तऱ्हा त्या डब्यात होती. कागदावर नकाशा काढण्याआधी त्या नियोजित खोली जमिनीवर फक्कीने खऱ्या मापाची आखत आणि घरच्या मंडळींना आठवडाभर त्या रेषांमध्ये वावरायला लावीत. भिंत आहे असे समजायचे, दारातूनच आत जायचे, दारातूनच बाहेर यायचे. सात दिवस ज्यांनी हे पाळले नाही, त्यांचा नकाशा त्या हाती घेत नसत.

हा प्रयोग आमच्याही घरी झाला. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि मागच्या अंगणात एक अभ्यासिका असावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

“काय काय पायजे खोलीत?” ताईंनी विचारले.

“फार काही नको. टेबल, तीन कपाटे आणि एक आरामखुर्ची.”

“आणि वहिनींना काय पायजे?”

हा प्रश्न मला सुचलेला नव्हता. माझी पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “मला कपडे वाळत घालायची दोरी राहू दे म्हणजे झालं.”

ताईंनी फक्की ओतत चौकोन काढला, दाराची जागा मोकळी सोडली आणि त्या निघून गेल्या. मी संकोचून सकाळची वेळ टाळू लागलो. अंगणात पांढऱ्या रेषांच्या मध्ये आरामखुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ मागच्या गल्लीतून कसा दिसत असेल, या विचाराने मला वाचन जमेना. पत्नीने मात्र ती खोली मनापासून स्वीकारली. तिसऱ्या दिवशी तिने त्या दाराबाहेर रांगोळी काढली. दूधवाला नेहमीप्रमाणे अंगण तुडवत आला, तेव्हा ती ओरडली, “अहो, भिंतीतून काय येताय! दार आहे ना तिकडे?” तो बिचारा वळसा घालून दारातून आला, दूध दिले, दारातूनच गेला आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या अंगणात उभा राहून घंटी वाजवू लागला.

आठवडा संपायच्या आतच उघड झाले, की आरामखुर्ची पसरली तर तिसऱ्या कपाटाचे दार उघडणार नाही, आणि दोरी सरकवली तर ओली साडी थेट माझ्या चेहऱ्यावर येईल.

“एक कपाट कमी करा, सर,” ताई म्हणाल्या.

“पण पुस्तकं?”

“समदी वाचल्यात का?”

एक कपाट कमी झाले. दोरी होती तिथेच राहिली.

सर्वांनाच हे रुचे असे नाही. कॉलनीत त्यांना हेकट म्हणणारे पुष्कळ होते. पलीकडच्या रस्त्यावर विलासराव नावाच्या गृहस्थांनी बंगला विकत घेतला होता. इस्लामपूरकडे त्यांच्या ऊस वाहतुकीच्या गाड्या होत्या आणि आवाजही गाडीच्या भोंग्यासारखा होता. त्यांना कुंपणापर्यंत एक दिवाणखाना काढायचा होता.

“ताई, मी वर बोललोय. तुमी फक्त नकाशा काढा,” ते म्हणाले.

“वर म्हंजे? माळ्यावर?”

“चेष्टा नको. वर म्हंजे वर.”

“बरं. उद्या दुपारी तुमची दोन माणसं आन् एक ताडपत्री घिऊन पलीकडं मालनकाकूंच्या घरी या.”

मालनकाकू म्हणजे विलासरावांच्या शेजारीण. दुसऱ्या दिवशी ताईंनी विलासरावांना काकूंच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या स्टुलावर बसवले. बाहेर, जिथे त्यांची नवी भिंत येणार होती तिथे, त्यांच्याच दोन माणसांना ताडपत्री उंच धरून उभे केले. खोलीत अंधारून आले. काकू ठेच्यासाठी तव्यावर लसूण आणि हिरव्या मिरच्या भाजत होत्या. तेल पडताच असा काही खकाणा उठला, की विलासराव शिंकू, खोकू आणि रडू लागले.

“खिडकी उघडा की वो कुणीतरी!”

“उघडीच हाय, भाऊ,” ताई म्हणाल्या. “भिंत तुमची हाय.”

विलासराव डोळे पुसत बाहेर पळाले, तांब्याभर पाणी प्यायले, आणि मग काय झाले कोण जाणे, तिथेच पायरीवर बसून हसू लागले. त्यांचा दिवाणखाना पुढे पहिल्या मजल्यावर गेला. काही दिवसांनी मी ताईंना विचारले, की त्याच वेळी ठेचा व्हावा हा योगायोग म्हणायचा काय?

“योगायोग कसला, सर? सकाळीच काकूंना फोन केलता. म्हनलं, आज मिरच्या जरा तिखट बघून घ्या.”

अशा या ताईंवर जेव्हा स्वतःच्याच घराला खोली जोडायची वेळ आली, तेव्हा कॉलनीतील अनेकांच्या मनात थोडी गंमत पाहण्याची इच्छा होती, हे नाकारता येणार नाही.

खोली हवी होती त्यांच्या वडिलांसाठी. आबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यानंतर कोरेगावाजवळच्या त्या खेड्यात एकटेच राहत. ताईंचा भाऊही लष्करात, दूर सीमेवर. आबा वर्षातून तीन-चार वेळा रेल्वेने सांगलीला येत. खांद्यावर घेवड्याची पिशवी असे. येत ते अंगणातल्या कट्ट्यावर बसत, तिथेच चहा घेत, नातवंडांची चौकशी करीत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. लेकीच्या घरी त्यांनी एकही रात्र काढली नव्हती. त्यांचे जावई दादासो हळदीच्या व्यापारातले, अतिशय मवाळ गृहस्थ. ते दर वेळी विनवीत, “मामा, रातच्याला ऱ्हावा की.” आबा दर वेळी म्हणत, “व्हय व्हय, पुढच्या खेपंला.”

त्या उन्हाळ्यात आबा गोठ्यासमोर घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. मिरजेच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की यापुढे वॉकरच्या, म्हणजे हाती धरायच्या चार पायांच्या चौकटीच्या, आधाराने चालायचे, पायऱ्या चढायच्या नाहीत आणि एकट्याने राहायचे नाही. मी भेटायला गेलो होतो, तेव्हा खाटेवर बाप आणि खाटेशेजारी लेक, दोघे एकमेकांकडे न बघता बोलत होते.

“आबा, आता सांगलीला चलायचं.”

“न्हाई.”

“गावाकडं कोन हाय तुमचं?”

“म्हस हाय की.”

“म्हस तुमास्नी धरून मोरीत न्हेनार व्हय?”

दादासो हलक्या आवाजात म्हणाले, “मामा, आवं तुमचंच घर हाय त्ये.”

“माझं आसतं तर फाटकावर माझी पाटी आसती, जावईबापू. आमच्यात लेकीच्या घरात ऱ्हात न्हाईत. आजवर ऱ्हायलो न्हाई. आता लंगडा झालो म्हणून ऱ्हायचं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कवाईतीचा नियम सांगावा तसे ते सांगत होते. ताई नंतर मला म्हणाल्या, की त्या बोलण्याचा राग येण्याऐवजी त्यांना त्यात स्वतःचीच ओळख पटली. वाद घालणाऱ्यांसमोर त्या स्वतः अशाच मोजपट्टी गुंडाळत. बरेच दिवस समजूत घातल्यावर आबांनी एक अट घातली. एक खोली बांधावी. तिला रस्त्याकडे तोंड करून दार असावे. लेकीच्या घरातून त्या खोलीत उघडणारे एकही दार नसावे. “येणाऱ्याजाणाऱ्यानं बघितलं पायजे, म्हातारा आपल्या दारानं आत जातो. तसं आसंल तर यीन. न्हाई तर माझं गाव बरं.”

लष्करातले त्यांचे एक मित्र, शिंदे नाना, मिरजेतच राहत. मित्राच्या घरी राहण्यास आबांच्या नियमांची आडकाठी नव्हती, म्हणून इस्पितळातून ते तिकडे जायचे ठरले. परंतु दिवाळीला नानांचा मुलगा त्यांना कायमचे पुण्याला नेणार होता. म्हणजे दिवाळीपर्यंत खोली उभी राहिली तर आबा सांगलीत. नाही तर गावी जायला जीप ठरलेली होती, आणि गावाकडच्या त्या रिकाम्या घरात ते पुन्हा एकटे.

खोलीसाठी सर्वांत सोयीची जागा प्रत्येकाला दिसत होती. ताईंचे घर आणि आमचे कुंपण यांच्यामधली मोकळी पट्टी. जमिनीलगत पत्र्याची खोली टाकली, की पायऱ्या नाहीत, परवानगीची वाट नाही, महिनाभरात काम पुरे. कॉलनीतले लोक उघडच म्हणू लागले, “ताई, तुमच्या घरावर कोण हरकत घेणार?” हरकत घेऊ शकणारा शेजारी मीच होतो. असे काही बोलणे मला फार जड जाते, तरी एका सकाळी कुंपणापाशी जाऊन मी म्हटले, “ताई, माझी काही हरकत नाही. लेखी देतो.”

ताई त्या पट्टीतच उभ्या होत्या. एक हात कमरेवर, दुसरा भिंतीवर. खोली तिथे बरोबर बसते, हे त्यांना मोजपट्टीशिवाय कळलेले होते.

“तुमची न्हाई, सर. पण तुमच्या मागनं ह्या घरात जो यील त्याची?”

दादासो मागे येऊन उभे राहिले होते. “इतक्या लोकांस्नी न्हाई म्हनालीस. येकदा सोताला व्हय म्हन की.”

ताईंनी भिंतीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, “आन् उद्या विलासराव ताडपत्री घिऊन आपल्या दारात आलं तर?”

पट्टीचा विषय तिथे संपला. उरला तो पुढचा एक कोपरा, फाटकाच्या डाव्या हाताला. नियमाने तिथे लहानशी खोली चालत होती. अडचण होती ती कृष्णेची. सांगलीत घर बांधणाऱ्याला शेजाऱ्याच्या वाऱ्याइतकाच नदीच्या पाण्याचाही विचार करावा लागतो. नकाशावर नदीच्या बाजूने पुराच्या दोन रेषा आहेत, निळी आणि लाल. निळीच्या आत नवे बांधकाम होत नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात होते, पण जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावे लागते. आमची कॉलनी त्या मधल्या पट्ट्यात. जुनी घरे नियमाच्या आधीची, म्हणून खाली. नवी खोली मात्र आमच्या अभ्यासिकेप्रमाणेच छातीएवढ्या उंचीवर चढवायला हवी. आणि आबांना तर पायऱ्या वर्ज्य.

“मग उतार करायचा,” मी सुचवले.

“केला की कागदावर. चौकट घिऊन म्हाताऱ्या माणसाला चढता यील इतका सौम्य केला. सरळ काढला तर रस्ता वलांडून समोरच्यांच्या देवघरात जातोय.”

दोन दिवस त्या स्वतःच्या घराभोवती फेऱ्या मारत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कुंपणावरून हाक मारली. उताराला छप्पर नसेल तर तो मोकळ्या जागेत चालतो. वृद्धांसाठी व अपंगांसाठी नियमानेच तशी मुभा आहे, आणि त्याने कुणाचा वारा अडत नाही. तेव्हा उतार फाटकापाशी सुरू करायचा, उजव्या भिंतीलगत मागे न्यायचा, परसातून वळवायचा, आमच्या बाजूने स्वयंपाकघराच्या खिडकीवरून पुढे आणायचा आणि डाव्या कोपऱ्यातल्या त्या दाराशी पोचवायचा. म्हणजे फाटकापासून हाताच्या अंतरावर दिसणाऱ्या दाराशी जाण्यासाठी आबांनी जावयाच्या घराला संपूर्ण प्रदक्षिणा घालायची, पण आत पाऊल टाकायचे नाही. ताई हे सांगताना इतक्या खूश होत्या, की मोगऱ्याचा वेल, धुण्याचा दगड आणि दादासोंची मोटारसायकल या तिघांना जागा सोडावी लागणार होती, हे त्यांनी दादासोंना सांगितलेच नाही. ते त्यांना नकाशावरून समजले.

आता फक्की. आबा कॉलनीत येऊन आठवडाभर राहणे शक्य नव्हते. तसे असते तर खोलीची गरजच उरली नसती. म्हणून ज्या दिवशी त्यांना इस्पितळातून सोडणार होते, त्या दिवशी ताई पत्र्याचा डबा घेऊन मिरजेला गेल्या. सामान उचलायला मी आणि दादासो सोबत होतो. इस्पितळाच्या आवारात गाड्या लावायच्या जागेत त्यांनी भरदुपारी खोली आखायला घेतली. पहारेकरी धावत आला.

“ओ मावशी! हितं काय खेळ मांडलाय?”

“घर बांधतोय,” आबा चौकटीवर रेलून म्हणाले. ते कधी आले हे आम्हालाही कळले नव्हते. “तू जरा लांब हो. भिंतीवर हुबा हाईस.”

पहारेकरी मुकाट्याने भिंतीवरून उतरला. रुग्णांचे नातेवाईक जमू लागले. ताई हाताने दाखवीत होत्या: “दार हितं. पलंग हितं. मोरी हितं, धराय दांडी. खिडकीतनं रस्ता दिसतोय.” आबा दारातून आत गेले. चहूकडे वळून त्यांनी ती नसलेली खोली तपासली, पलंगाच्या जागी उभे राहून मोरीपर्यंतचे अंतर चालून पाहिले. तेवढ्यात एक रुग्णवाहिका मागच्या भिंतीवरून सरळ आत येऊन थांबली. आबा ओरडले, “भिंत पाडलीस की रं गड्या!” लोक हसले, चालकाने मान डोलावून गाडी मागे घेतली.

हसणे थांबल्यावर आबांनी विचारले, “चूल कुठाय?”

ताई गोंधळल्या. “चूल कशाला, आबा? जेवण मी देनार की, गरम गरम.”

“दार माझं आन् चूल तुझी? मग दार तरी कशाला पायजे?”

ताई जवळच्या दगडी कडेवर बसल्या. घराघरांत जाऊन, तुम्हांला काय हवे, तुम्हांला काय हवे, असे प्रत्येकाला विचारणाऱ्या या बाईने स्वतःच्या बापाला तेवढे विचारले नव्हते. पदराने घाम पुसल्याचे निमित्त करून त्यांनी चेहरा पुसला. मग उठून पायाने एक रेष पुसली, पलंग आडवा केला आणि कपाटाच्या जागी एक लहान ओटा आखला.

“वटा खिडकीखाली घ्या, मावशी,” पहारेकरी म्हणाला. “धूर जातोय भाईर.”

ओटा खिडकीखाली गेला. आबांनी मान हलवली आणि चौकट टेकत दारातून बाहेर आले. ते दारातूनच आले, याची दखल ताईंनी घेतली, मीही घेतली.

परवानगीसाठी त्या इतरांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीपलीकडच्या तरुण अभियंत्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला.

“ताई, हा उतार आहे की घाट?”

“पसरणीचा आहे. पुढे महाबळेश्वर लागेल. आपण तपासावा,” ताई पुस्तकी मराठीत म्हणाल्या.

त्याने तपासला आणि परत केला. वळणावर चौकट घेऊन थांबायला सपाट जागा दाखवायची राहिली होती. ताईंचा नकाशा परत आल्याची बातमी कॉलनीत त्यांच्या स्कूटरच्या आधी पोचली. घरी आल्यावर दादासो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, “आता दिवाळी गाठायची कशी?” ताईंनी पदर खोचला. “बरोबर हाय त्याचं. वळणावर आबा पडलं आस्तं.” आणि त्या पुन्हा रेघा मारायला बसल्या.

नकाशा मंजूर झाला, पण पावसाळ्यात काम थांबले. गणपती गेल्यावर नेटाने सुरू झाले. गवंडी म्हणाला, इतके वळणदार काम त्याने आयुष्यात केले नव्हते. खोलीपेक्षा वाटेलाच जास्त विटा लागल्या. कॉलनीतील मंडळी संध्याकाळी फिरायला येत ती फाटकापाशी थांबून ‘घाट कुठवर आला’ याची चौकशी करून जात. विलासरावांनी तर एकदा स्वतःहून वाळूची गाडी पाठवली. शेवटच्या दिवसांत दोन गवंडी आणि दादासो असे तिघे रंग देत होते, आणि मिरजेत नानांच्या मुलाची गाडी दारात येऊन उभी होती.

वसुबारसेच्या दुपारी आबा आले. भिंती अजून ओलसर होत्या. फाटकाशी पुष्कळ लोक जमले होते, पण आबांनी कुणाला हात लावू दिला नाही. चौकट पुढे, पाय मागे, असे ते उजव्या भिंतीलगत निघाले आणि घरामागे दिसेनासे झाले. आम्ही सगळे घाईने आमच्या अंगणात आलो. थोड्या वेळाने परसाच्या वळणावर ते दिसले. तिथल्या सपाट जागेवर उभे राहून त्यांनी श्वास घेतला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आले आणि वाकून आत बघत म्हणाले, “सुनंदे, काय तळतीस?”

“अनारसं, आबा.”

“जळत्यात बघ.”

ते पुढे निघाले. दाराशी पोचून त्यांनी खिशातून किल्ली काढली, स्वतः कुलूप उघडले आणि मग वळून, उंबऱ्यात ताठ उभे राहून म्हणाले, “या जावईबापू. बसा. दमला आसाल.”

दादासोंच्या हाताला अजून रंग होता. तो पाठीमागे पुसत ते त्या लहान खोलीत अवघडून पलंगाच्या कडेवर बसले. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर सासुरवाडीचा पाहुणचार त्यांना त्यांच्याच कुंपणात मिळत होता. आबांनी ओट्यावर चहा ठेवला. तो फार गोड झाला होता, असे दादासोंनी मला नंतर सांगितले. पण त्यांनी तो पुन्हा मागून घेतला.

त्यानंतर आबा सकाळ-संध्याकाळ घराभोवती फिरत. प्रत्येक खिडकीशी थांबून नातवंडांचा अभ्यास, हळदीचा भाव आणि आमटीचा वास यांविषयी मत देत. त्यांनी केलेले पिठले कधी करपे, कधी पातळ होई, पण ते वाटीभर खिडकीतून आत जाई आणि आतून भाकरी बाहेर येई. पहिल्यांदा भाकरी घेताना आबा थोडे घुटमळले, असे ताई सांगत. मग म्हणाले, “शेजारधर्म हाय. त्याला न्हाई म्हनू नये.”

दोन वर्षांनी आम्ही सांगलीचे घर विकून साताऱ्याला यायचे ठरवले. निघण्याच्या आदल्या रविवारी संध्याकाळी पुस्तके बांधून झाल्यावर मी खिडकीशी उभा होतो. आबांचे दार उघडले आणि ताई बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतली साडी, हातात पिशवी, पिशवीतून घेवड्याच्या शेंगा डोकावत होत्या. खोलीला पुढून आठ पायऱ्याही आहेत. धडधाकट माणूस त्या उतरून क्षणात जगदाळ्यांच्या ओटीवर पोचतो. पण रविवारी ताई त्या पायऱ्यांनी येत-जात नसत.

आबा चौकट टेकून दारात आले. “सावकाश जा. अंधार पडतोय. पोचल्यावर फोन कर.”

“करते, आबा. तुमी दार लावून घ्या.”

त्या उतारावरून आमच्या बाजूने येऊ लागल्या. मला पाहून थांबल्या.

“माहेराला गेलते, सर.”

“फार जवळ आहे,” मी म्हटले.

“म्हणून तर लांबनं जाते. माहेरनं येताना जरा चालाय लागलं पायजे.”

त्या परसाच्या वळणावरून दिसेनाशा झाल्या. आबा दारातच उभे होते. बऱ्याच वेळाने पलीकडे फाटकाची कडी वाजली, स्वयंपाकघरात दिवा लागला आणि ताई फोन कानाला लावून ओट्याशी उभ्या राहिल्या. भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्ही आवाज मला एकाच वेळी ऐकू येत होते.

“आबा, पोचले.”

“पोचलीस? बरं झालं, बाय. मगाधरनं घोर लागला हुता.”